पहिली ओळ वाचा

मी भाषा शिकवतो. सकाळच्या सत्रात उर्दू आणि दुपारनंतर मराठी. बी.एड. करताना आम्हाला शिकवले होते की विद्यार्थ्याची चूक म्हणजे त्याच्या डोक्यात डोकावण्याची खिडकी असते. चुकीवर लाल फुली मारणारा शिक्षक ती खिडकी बंद करतो. मूल कुठे अडले हे त्या चुकीवरून वाचणारा शिक्षक आत शिरतो. वाक्य छान आहे आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतात. पण हे वाक्य मला पटले ते संगणकाच्या काळ्या पडद्यावर, एका उर्दू माध्यमाच्या मुलाशेजारी बसून लिनक्सचे पॅकेज तयार करताना.

आधी मुलाविषयी. तो माझा जुना विद्यार्थी. वडील मालेगावात पॉवरलूमवर काम करतात. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, मग पॉलिटेक्निकला प्रवेश, आणि तिथे सगळेच इंग्रजीत. दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले. प्रोग्रामिंगच्या तासाला पडद्यावर एरर आली की हा हात मागे घ्यायचा. मला म्हणाला, "सर, वो लाल लाइन आती तो ऐसा लगता के मेरेकूच डाँट रही." मशीन आपल्यालाच रागावतेय असे त्याला वाटायचे. कॉलेज सोडून एका डीटीपीच्या दुकानात तो काम करू लागला होता. फेरपरीक्षेचा फॉर्म भरायचा की नाही, यावर घरात रोज बोलणे चालू होते.

आता कामाविषयी. आमच्या शाळेत पूर्वी मराठी शिकवणाऱ्या एक आपा होत्या, आता निवृत्त आहेत. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना वर्षानुवर्षे त्यांनी एका वहीत शब्द लिहून ठेवले. उजव्या बाजूला उर्दू, डाव्या बाजूला मराठी. 'इजाज़त' समोर 'परवानगी', 'गवाह' समोर 'साक्षीदार', 'दस्तख़त' समोर 'स्वाक्षरी'. हे शब्द कवितेतले नाहीत. तलाठी कार्यालयात, दवाखान्यात, पोलीस भरतीच्या अर्जात लागणारे आहेत. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू शाळांत ती त्याआधीपासूनच शिकवली जाते. पण विषय म्हणून मराठी शिकणे वेगळे आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाला मराठीत उत्तर देणे वेगळे. आपांची वही या दोन्हींच्या मधली जागा भरून काढते.

वही टाइप झाली. प्रश्न असा की ती शाळेच्या लॅबमधल्या संगणकांवर पोहोचवायची कशी? संगणक दान म्हणून मिळालेले, जुने, ३२ बिटचे. त्यांवर उबंटू घराण्यातले १८.०४ चे लिनक्स. इंटरनेट असून नसल्यासारखे. पेन ड्राइव्हने फाइल टाकली तर कुणी पुसते, कुणी बदलते, कुठे फॉन्ट नसतो म्हणून चौकोन दिसतात. मुलगा म्हणाला, याचे पॅकेज करू. डेबियन आणि उबंटूमध्ये सॉफ्टवेअर 'डेब' नावाच्या गाठोड्यात येते. त्या गाठोड्यात फाइली असतात आणि सोबत एक चिठ्ठी असते: हे काय आहे, कुणी बांधले, कितवी आवृत्ती, आणि चालायला आणखी काय लागते. एकदा नीट बांधले की कुठल्याही मशीनवर एका आज्ञेत बसते आणि एका आज्ञेत निघते. आमच्या गाठोड्यात मजकूरच होता, त्यामुळे चिठ्ठीत आर्किटेक्चरपुढे 'ऑल' लिहिले की ३२ बिट आणि ६४ बिट हा भेदच उरत नव्हता.

मी म्हणालो, कर, मी शेजारी बसतो. मला पॅकेजिंग येत नव्हते, पण वाचता येत होते.

पहिल्याच दिवशी पडदा भरून अक्षरे वाहत गेली आणि थांबली. त्याने शेवटची ओळ पाहिली. बिल्ड अयशस्वी, एक्झिट स्टेटस २. तो खुर्चीत मागे सरकला. मी विचारले, या दोनचा अर्थ काय? त्याला माहीत नव्हते. शोधल्यावर कळले की हा 'मेक' नावाच्या प्रोग्रामचा निरोप आहे. 'मेक'ला सांगितलेले एखादे काम फसले की तो दोन आकडा देऊन बाहेर पडतो. म्हणजे शेवटची ओळ फक्त एवढेच सांगते की खाली कुठेतरी कुणीतरी पडले. वर्गात आरडाओरडा झाला की मॉनिटर धावत येऊन सांगतो, "सर, भांडण झाले." कुणाचे आणि का, हे मॉनिटरकडून कळत नाही. त्यासाठी वर्गात जावे लागते.

म्हणून आम्ही नियम केला. शेवटची ओळ सोडायची आणि वर सरकत पहिली एरर शोधायची. कारण पहिल्या बिघाडातून पुढचे दहा बिघाड जन्मतात. पहिला सुटला की बाकीचे बहुतेक वेळा आपोआप जातात. तिथे पोहोचल्यावर त्या ओळीला तीन प्रश्न विचारायचे: कोण बोलतेय, कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीविषयी बोलतेय, आणि तिची तक्रार काय. कर्ता, अधिकरण, क्रियापद. हे तर माझे रोजचेच काम.

त्या दिवशी बोलणारा होता 'मेक', जागा होती 'रूल्स' नावाच्या फाइलची तिसरी ओळ, आणि तक्रार होती 'मिसिंग सेपरेटर'. विभाजक गायब. ती फाइल तीनच ओळींची, आणि डोळ्यांना काहीच गायब दिसत नव्हते. भानगड अशी की 'मेक'च्या नियमात आज्ञेची ओळ टॅबने सुरू व्हावी लागते. मुलाचा एडिटर टॅबच्या जागी गुपचूप चार स्पेस टाकत होता. पडद्यावर दोन्ही कोरेच दिसतात. 'मेक' हा प्रोग्राम १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला. टॅबची अट त्रासाची आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आले होते, पण तोवर डझनभर लोक तो वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. त्या डझनभर लोकांसाठी जगभरातली लेकरे आजही टॅब शोधतात. हे सांगितल्यावर मुलगा पहिल्यांदा हसला. त्याला वाटायचे की मशीनचे नियम आकाशातून उतरतात. ते माणसांनी, आपापल्या अडचणीत, केलेले असतात.

दुसरी अडचण आवृत्तीच्या आकड्यात होती. त्याने '१.०-१' लिहिले आणि मशीन म्हणाले, मूळ लेखकाचे गाठोडे सापडत नाही. या आकड्यातल्या आडव्या रेघेला अर्थ आहे. रेघेच्या आधीचा भाग मूळ लेखकाचा, नंतरचा बांधणाऱ्याचा. रेघ ओढलीत म्हणजे तुम्ही सांगता की मूळ काम वेगळे आहे, मग ते 'ओरिग' नावाच्या वेगळ्या बंद पुडक्यात शेजारी ठेवा. आम्ही आपांची शब्दयादी तशी ठेवली, आणि पुढे निघालो.

चार दिवसांनी या रेघेने मला धडा दिला. वहीत 'वसतिगृह' या शब्दासमोर आपांनी 'बोर्डिंग' लिहिले आहे. मुलाला ते फारच गावंढळ वाटले. त्याने सरळ यादीत शिरून 'दारुल-इक़ामा' केले. बिल्ड थांबले. तक्रार अशी की मूळ मजकुरात अनपेक्षित बदल आढळले, म्हणून काम रद्द. कुठली फाइल बदलली तिचे नाव वर, आणि बदल ठेवायचाच असेल तर कुठली आज्ञा द्यायची हेही तिथेच लिहिलेले. म्हणजे मशीन बदलाला मनाई करत नव्हते. ते म्हणत होते, मूळ शब्द खोडू नका. तुमचा बदल वेगळ्या पॅचमध्ये लिहा, कारण लिहा, नाव लिहा.

आपल्याकडे जुन्या हस्तलिखितांत नक्कल करणारा समासात आपली टीप लिहायचा आणि मूळ ओळ तशीच ठेवायचा. तोच अदब. आम्ही पॅच करण्याआधी आपांकडे गेलो. त्या म्हणाल्या, "बेटा, दारुल-इक़ामा कौन बोलता? अपने बच्चे तो होस्टल बोलते." शेवटी 'बोर्डिंग' राहिले, पॅचमधून 'होस्टल' जोडले गेले, आणि कारणाच्या जागी मुलाने लिहिले: मुले असे बोलतात.

यानंतर रांगेचा प्रश्न आला. शब्द अक्षरक्रमाने लावायचे होते. संगणकाने लावले तर 'पानी' पार शेवटी, 'वक़्त'च्याही मागे. उर्दूच्या वर्णमालेत 'पे' तिसरे अक्षर, 'बे'च्या लगेच पुढे. पण युनिकोडच्या तक्त्यात अरबीची मूळ अक्षरे आधी बसली आहेत आणि 'टे', 'पे', 'चे', 'डाल', 'गाफ' ही फारसी-हिंदुस्तानी अक्षरे मागून. नुसत्या सांकेतिक आकड्यांनी क्रम लावला की ही सगळी मागच्या बाकावर जातात. जी अक्षरे अरबीबाहेरून या लिपीत आली, नेमकी तीच. अक्षरांवर कुणाचा राग नव्हता. ज्याने क्रम लावला त्याला उर्दू माहीत नव्हती, एवढेच.

याला उपाय आहे. आयसीयू नावाची एक लायब्ररी आहे. नाव वाचून दवाखाना आठवतो, पण ती अनेक भाषांचा खरा वर्णक्रम जाणते. मुलाने ती आपल्या लॅपटॉपवर बसवली, 'पे' आपल्या जागी आले, बिल्ड पूर्ण झाले. तो आनंदाने लॅबकडे निघाला. मी म्हणालो, थांब. आधी कोऱ्या खोलीत करून बघ.

कोरी खोली म्हणजे काय? पॅकेज बांधणारे लोक आपल्या रोजच्या मशीनवरच्या बिल्डवर विश्वास ठेवत नाहीत. पीबिल्डर किंवा एसबिल्डसारख्या साधनाने ते एक अगदी किमान, रिकामी यंत्रणा उभी करतात आणि चिठ्ठीत जेवढे मागितले तेवढेच तिथे आणून बांधून बघतात. आम्ही १८.०४ ची ३२ बिटची खोली उभी केली. बिल्ड लगेच पडले: 'आयसीयू' नावाचे मॉड्यूल नाही. लॅपटॉपवर होते, पण चिठ्ठीत लिहिलेले नव्हते.

इथे दोन याद्यांतला फरक कळतो. 'बिल्ड-डिपेंड्स' म्हणजे बांधताना लागणाऱ्या वस्तू. 'डिपेंड्स' म्हणजे वापरताना लागणाऱ्या. लग्नात भटारीला देग लागते, चूल लागते, लाकडे लागतात. पाहुण्याला ताट लागते. देग पाहुण्याच्या टेबलावर नेऊ नये आणि ताट विसरू नये. आयसीयू ही आमची देग, बांधण्यापुरती. देवनागरीसाठी लोहित आणि उर्दूसाठी एक नस्तालीक फॉन्ट, ही ताटे. ती लॅबमध्ये पोहोचलीच पाहिजेत, आणि इंटरनेट नसल्यामुळे पेन ड्राइव्हवर सोबतच न्यावी लागली.

आयसीयूचे नाव चिठ्ठीत आले आणि पुढची एरर उभी राहिली. ही मी आयुष्यभर विसरणार नाही. पायथन म्हणत होते: 'आस्की' कोडेकला शून्य-एक्स-डी-आठ हा बाइट वाचता येत नाही, जागा शून्य, हा आकडा १२८ च्या मर्यादेत नाही.

सावकाश वाचले. जागा शून्य म्हणजे फाइलचे अगदी पहिले अक्षर. आमचा पहिला शब्द 'इजाज़त', त्याचे पहिले अक्षर अलिफ. यूटीएफ-८ मध्ये अलिफचे दोन बाइट होतात, त्यातला पहिला डी-आठ. आस्की ही १९६३ ची संकेतपद्धती. तिच्यात १२८ चिन्हे: इंग्रजी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि काही नियंत्रणखुणा. कोऱ्या खोलीची भाषा ठरवलेली नव्हती, म्हणजे लोकॅल 'सी' होते. अशा वेळी तिथले पायथन ३.६ आस्की गृहीत धरत होते. अलिफ दारात उभे राहिले आणि दरवान म्हणाला, यादीत नाव नाही. देवनागरीचे अक्षर पहिले असते तरी तेच झाले असते. 'अ'चे तीन बाइट, पहिला ई-शून्य, तोही १२८ च्या पलीकडचा. उर्दू आणि मराठी, दोघी बहिणी एकाच दारात अडल्या असत्या.

मुलगा म्हणाला, "सर, इसको अपनी ज़बान नहीं आती." मी म्हणालो, नाही, त्याला सांगितलेले नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असे एका शब्दात लिहिले की तेच पायथन सगळे वाचते. पायथन ३.७ मध्ये, २०१८ साली, हे गृहीतच बदलले आणि 'सी' लोकॅलमध्येही यूटीएफ-८ धरले जाऊ लागले. पण लॅबची यंत्रणा जुनी. शिवाय जे माहीत आहे ते स्पष्ट लिहावे, समोरच्याने ओळखावे अशी अपेक्षा ठेवू नये. फॉर्मवर 'मातृभाषा' या रकान्यात आपण लिहितोच ना?

शेवटची अडचण चाचणीत आली. पॅकेज बांधताना तपासणी चालवता येते आणि तपासणी फसली तर बिल्ड थांबते. मुलाने तपासणी लिहिली होती की उर्दू रकान्यात फक्त उर्दूचीच अक्षरे असावीत. काही शब्द नापास झाले. मी ते वाचले, मोठ्याने वाचले, काहीही वावगे नव्हते. मग सांकेतिक आकडे पाहिले. टाइप करणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी मशीनवर अरबी कीबोर्ड होता. अरबीची 'ये' वेगळ्या आकड्याची, ०६४ए. उर्दूची ०६सीसी. शब्दाच्या मध्ये आल्या तर दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. 'काफ'चेही तसेच. डोळ्याला एक, मशीनला दोन. मुलाने शब्द शोधला असता आणि तो 'सापडला नाही' असे उत्तर आले असते. त्याला वाटले असते आपलेच स्पेलिंग चुकले.

मराठीतही हे आहे, पाहा. 'दुसऱ्या'मधला रफार नसलेला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसतो एकच. शोधताना एक सापडतो आणि दुसरा हरवतो. आम्ही दोन्ही भाषांसाठी एक छोटी गाळणी लिहिली. ती बांधणीच्या वेळी अक्षरे एका रूपात आणते आणि काय बदलले त्याची नोंद छापते.

या सगळ्याला साडेतीन आठवडे लागले, रोज मगरीबनंतर तासभर. एका संध्याकाळी त्याचे वडील बोलवायला आले आणि मागे उभे राहून पडदा पाहू लागले. नेमकी तेव्हाच एरर आली. मुलगा जरा ओशाळला. वडिलांनी विचारले, काय झाले? तो म्हणाला, अटक गया. ते म्हणाले, "लूम रुका मतलब धागा टूटा है, लूम नहीं टूटा. सिरा ढूँढ." बाण्याचा धागा तुटला की माग तिथेच थांबतो. थांबला नाही तर पुढचे सगळे कापड खराब विणले जाईल. थांबणे हा त्या यंत्राचा दोष नाही, ती त्याची राखण आहे. बी.एड.च्या वर्षभरात मला कुणी इतके नेमके सांगितले नव्हते.

आमच्या मुलांविषयी बोलताना लोक नेहमी म्हणतात की यांना इंग्रजी येत नाही म्हणून तंत्रशिक्षणात टिकत नाहीत. मला ते अर्धेच खरे वाटते. त्या सगळ्या एररमध्ये मिळून शंभरेक इंग्रजी शब्द असतील. फाइल नाही, परवानगी नाही, अपेक्षित होते हे, मिळाले ते. तेवढे शब्द महिन्याभरात येतात. येत नाही ती हिंमत, लाल ओळीसमोर बसून राहण्याची. ज्या मुलाला लहानपणापासून चूक म्हणजे छडी असे कळले आहे, तो एरर वाचत नाही, एररपासून पळतो. उर्दू शाळेतही छडी आहे आणि मराठी शाळेतही. आपण शिक्षकांनी ती बाजूला ठेवून "कुठे अडलास, दाखव" एवढे म्हणायला सुरुवात केली, तर अर्धी तालीम तिथेच होते.

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संपूर्ण लॉग फाइलमध्ये साठवा. पहिली एरर शोधा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा बांधा. 'माझ्या मशीनवर चालते' यावर समाधान मानू नका, कोऱ्या खोलीत बांधा. भाषा आणि एन्कोडिंग स्पष्ट लिहा. मूळ लेखकाचे शब्द खोडू नका, आपला बदल वेगळा आणि सकारण ठेवा. आणि रात्री डोके चालेनासे झाले तर मशीन बंद करून झोपा. सकाळी तीच ओळ सोपी वाटते.

पॅकेज आता लॅबमधल्या सगळ्या संगणकांवर आहे. नववीच्या मुली त्यात सर्वांत जास्त 'अर्ज' हा शब्द शोधतात, कारण उर्दूत त्याचा अर्थ विनंती आणि मराठीत थेट कागद. आपांनी नवीन दोन पाने शब्द पाठवले आहेत, म्हणजे पुढची आवृत्ती बांधावी लागेल. मुलाने फेरपरीक्षेचा फॉर्म भरला. निकाल लागायचा आहे. दोन्हींपैकी एक विषय राहिलाही असेल. राहिला तर कुठला धडा, कुठला प्रश्न, तिथून पाहू.